घराचें मोल

गेल्या वैशाखांत आमची भाची दोन जाड लखोटे घेऊन आमच्याकडे आली. परस्परसंमतीनें घटस्फोट घ्यावयाचा, असें उभयतांचें ठरलें होतें. त्याच्या कारणांत आम्ही शिरत नाहीं. प्रश्न उरला होता कोथरुडांतील सदनिकेचा. खरेदीखत दोघांच्या नांवें. घर भाचेजांवयांनीं ठेवावें व भाचीचा वांटा रोख द्यावा, इथवर एकमत होतें. परंतु घराची किंमत किती धरावयाची?

भाचेजांवयांच्या लखोट्यांत ७१ लक्षांचा आंकडा होता. तो सरकारच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यावरून काढलेला. हा तक्ता मुख्यतः मुद्रांकशुल्काच्या आकारणीसाठीं असतो. अमुक घरांत ऊन येतें कीं नाहीं, हें त्यास ठाऊक नसतें. भाचीच्या मूल्यांकनकारानें मांडले होते १ कोटि ८० हजार. सुमारें ३० लक्षांची तफावत, आणि सही-शिक्का दोन्ही कागदांवर!

आमचा विषय संस्कृत. तथापि शाळेंत गणिताच्या वह्याही पुष्कळ तपासल्या. भाचीचा अहवाल वाचतां वाचतां चूक सांपडली. २००९ सालच्या करारांत बांधीव क्षेत्र ८४० चौरस फूट आहे. त्यास चौरस फुटास १२ हजार या दरानें गुणिलें होतें. परंतु शेजारच्या ज्या विक्रींवरून हा दर घेतला, त्या चटई क्षेत्राच्या होत्या. (२०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें विकासकांस तेंच माप बंधनकारक केलें आहे.) भिंती वगळून घर भरतें ७०० फूट, म्हणजे किंमत ८४ लक्ष.

"मामा, तुम्ही कोणाच्या बाजूचे?" भाचीनें विचारलें. तिच्या डोळ्यांत पाणी होतें. खरें सांगावयाचें तर, चूक दुसऱ्या पक्षानें शोधावी, आपण कां, असें क्षणभर आम्हांसही वाटलें होतें. पण ती न्यायालयांत उघडी पडती, तर तिच्या इतर कागदांवरचाही विश्वास उडाला असता. आणि त्या कागदांतच तिचें बळ होतें.

घर घेतांना पहिला भरणा झाला तो बव्हंशीं तिच्या आईनें दिलेल्या पाटल्या मोडून. सराफाची पावती व बँकेंतील नोंद, दोन्हीं तिनें जपलीं आहेत. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचें ४५ वें कलम असें कीं, दोघांनीं आपापल्या पैशानें घर घेतलें व वेगळा करार नसला, तर वांटा रकमेच्या प्रमाणांत. पुरावा नसेल तरच समसमान. गोव्यांत विवाहापूर्वीं निराळा करार नसल्यास पतिपत्नींची मालमत्ता सामान्यतः निम्मीनिम्मी मानितात. आपल्याकडे तशी सोय नाहीं. स्त्रीधनाचा विचार याज्ञवल्क्यानें केला, पण पावती जपा, हें सांगावयाचें राहिलें!

अखेर दोघांनीं मिळून तिसरा मूल्यांकनकार नेमला. त्यानें घर स्वतः मोजलें, इमारतीचें वय धरिलें, अलीकडच्या विक्रींच्या नोंदी पाहिल्या व ८३ लक्ष ठरविले. त्यांतून कर्जाचे २१ लक्ष वजा. वांटणी उरलेल्या ६२ लक्षांची, पाटल्यांचा हिशेब धरून. भाचेजांवयांनीं पावती पाहिली व वाद घातला नाहीं, हें त्यांच्याविषयीं नमूद केलें पाहिजे.

हक्कसोडपत्राचा मसुदा तयार आहे. परंतु त्यानें घरावरचा हक्क जातो, कर्ज जात नाहीं. भाचीचें नांव कर्जांतून वगळल्याचें पत्र बँकेनें अद्याप दिलेलें नाहीं. तें हातीं येईतों सही करूं नकोस, असें आम्हीं तिला बजावून ठेविलें आहे.