विश्लेषण : दुधातील भेसळ शाळेच्या प्रयोगशाळेत कितपत ओळखता येते?

दूध उत्पादनात अहिल्यानगर हा राज्यातील आघाडीचा जिल्हा. संगमनेर, राहुरी, श्रीगोंदा परिसरात अनेक शेतकरी कुटुंबांचा घरखर्च दुधाच्या पगारावर चालतो. याच श्रीगोंदा तालुक्यात २०२३ मध्ये दूध भेसळीचे प्रकरण उघड झाले. त्यात व्हे पावडर आणि लाइट लिक्विड पॅराफिन वापरल्याचे समोर आले. अशी भेसळ शाळेतल्या रसायनशास्त्राने पकडता येईल का?

लॅक्टोमीटर पुरेसा का नाही?

तो फक्त दुधाची घनता दाखवतो. पाणी मिसळले की घनता घटते. साखर, स्टार्च किंवा युरिया टाकला की पुन्हा वाढते. त्यामुळे आकडा बरोबर येऊनही दूध भेसळीचे असू शकते. पदार्थ ओळखायचा तर रासायनिक चाचणीच हवी.

शाळेत कोणत्या चाचण्या शक्य आहेत?

स्टार्च : दोन-तीन मिलिलिटर दुधात पाच मिलिलिटर पाणी घालून उकळावे. पूर्ण थंड झाल्यावर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाकावेत. निळा रंग आल्यास स्टार्च आहे. गरम दुधात हा रंग टिकत नाही.

युरिया : चमचाभर दुधात अर्धा चमचा सोयाबीन किंवा तुरीची पूड घालून हलवावे. पाच मिनिटांनी तांबडा लिटमस कागद अर्धा मिनिट बुडवावा. पुडीतील युरिएज हे विकर युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करते आणि कागद निळा होतो.

डिटर्जंट : दूध व पाणी समप्रमाणात घेऊन जोरात हलवावे. दाट, टिकणारा फेस संशयास्पद. शुद्ध दुधावर पातळ थर येतो.

निष्कर्ष कसा काढावा?

प्रत्येक चाचणी एकाच प्रश्नाचे उत्तर देते. रंग आला नाही म्हणजे दूध शुद्ध, असे नव्हे. तो एक पदार्थ आढळला नाही, एवढेच. व्हे पावडर आणि पॅराफिन या तिन्ही चाचण्यांतून निसटतात, त्यांना सुसज्ज प्रयोगशाळाच लागते. उलट, दुधात थोडा युरिया निसर्गतःच असतो. त्याची मान्य मर्यादा दहा लाख भागांत ७०० भाग आहे. म्हणून समोर काढलेले दूध आणि मुद्दाम भेसळ केलेला नमुना शेजारी ठेवूनच तुलना करावी. लिटमसच्या फिकट रंगावरून एखाद्या गवळ्याला दोषी ठरवणे अन्यायाचे ठरेल.

पुढे काय?

संशय आल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी. कायदेशीर कारवाईसाठी अन्न सुरक्षा अधिकाऱ्याने घेतलेल्या नमुन्याचा अधिकृत अहवालच लागतो. शाळेतील चाचणी हा पुरावा नाही, पण संशयाला दिशा देण्याचे काम ती करते. दूधपट्ट्यातील शाळांनी प्रात्यक्षिके जर्नल उतरवून घेण्यापुरती न ठेवता हे प्रयोग मुलांच्या हातून करून घ्यायला हवेत. त्यासाठी लागणारे आयोडीन, लिटमस आणि तुरीची पूड यांचा खर्च नगण्य आहे.