शास्त्रवचनांचा रतीब

आमच्या ख्रिस्ती घरांतून सकाळीं दुधाच्या रतिबाबरोबर आणखी एक रतीब येत असतो. तो ‘आजच्या वचना’चा. पूर्वीं तो भिंतीवरच्या दिनदर्शिकेंतून येई. आतां तो मोबाइलवर, सूर्योदयाच्या किंवा फुलांच्या चित्रावर छापलेला, उजाडण्यापूर्वींच येऊन पडतो. आपण तें वचन वाचतों, ‘आमेन’ म्हणतों, चार आप्तांकडे पाठवितों आणि कामाला लागतों. नित्य शास्त्रपठनाचें व्रत पाळल्याचें समाधान अर्ध्या मिनिटांत पदरीं पडतें. या स्वस्त समाधानाविरुद्ध माझी तक्रार आहे.

तक्रार नेमाविरुद्ध नाहीं. जर्मनींतील हेर्नहूट येथील मोरावियन मंडळींत १७२८ सालीं रोज एक वचन घरोघरीं जाऊन सांगण्याची प्रथा सुरू झाली, आणि १७३१ पासून तीं वचनें वर्षावर्षाचीं छापलीं जाऊं लागलीं. पण आरंभीं तेथें वचनाबरोबर एक माणूसहि दारीं येई, हें विसरूं नये. स्कॉटलंडांतील मॅक्‌चेन या तरुण पाळकानें १८४२ सालीं आपल्या मंडळीसाठीं जें कोष्टक केलें, त्याप्रमाणें वर्षांत जुना करार एकदां आणि नवा करार व स्तोत्रें दोनदां वाचून होत. या लोकांचा नेम पोटभर होता. आमचा नेम प्रसादाच्या चिमटीएवढा उरला आहे.

बरें, ही चिमूट तरी कोठून घेतली जाते? वचनांचे आंकडे मूळ लेखकांनीं घातलेले नाहींत. नव्या करारांत ते रोबेर एस्तिएन या मुद्रकानें १५५१ सालीं घातले. मजकूर शोधण्याच्या सोयीचे हे आंकडे आतां कात्रीचें काम करूं लागले आहेत. यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायांतील अकरावें वचन पाहा. देवाचे संकल्प हिताचे आहेत, तो आशेचा भविष्यकाळ देणार आहे, अशा अर्थाचें हें वचन परीक्षेला बसणाऱ्या मुलाला, मुलाखतीस निघालेल्या तरुणाला आणि नव्या घराच्या भिंतीला सारखेंच चिकटविलें जातें. पण तें आहे एका पत्रांत, आणि तें पत्र यरुशलेमेहून बाबेलास धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलें आहे. आदल्याच वचनांत सत्तर वर्षांची मुदत सांगितली आहे. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या प्रौढांपैकीं बहुतेकांच्या दृष्टीस मायदेश पडणार नव्हता. तोंवर त्यांनीं काय करावें? घरें बांधावीं, मळे लावावे, मुलांबाळांचीं लग्नें करावीं, आणि ज्या परक्या नगरांत बंदी होऊन आलों त्याच्याच कल्याणासाठीं झटावें. मागच्याच अध्यायांत हनन्या नांवाचा संदेष्टा भेटतो. दोन वर्षांत सारें पूर्ववत् होईल असें तो लोकांना सांगतो, आणि यिर्मया त्याला खोटा ठरवितो. अकरावें वचन एकटें कापून भिंतीवर लावणारा मनुष्य यिर्मयाचें नांव घेऊन हनन्याचा संदेश ऐकत असतो.

हा दोष दाखविण्यासाठीं मला दुसऱ्याच्या घरीं जावयास नको. कांहीं वर्षांपूर्वीं एका महिन्यांत खर्च वाढला म्हणून धुणेंभांडीं करणाऱ्या बाईंचा पगार मीं पंधरा दिवस पुढें ढकलला. त्या कांहीं बोलल्या नाहींत. ते दिवस भरत आले असतां आमचा सकाळचा पाठ ‘अनुवादा’च्या चोविसाव्या अध्यायावर आला. मजूर गरीब असतो, त्याचा जीव मजुरीकडे लागलेला असतो, म्हणून ती सूर्य मावळण्याच्या आंत चुकती करावी, अशी तेथें आज्ञा आहे. मीं ती मोठ्यानें वाचली, प्रार्थना केली आणि चहा मागितला. बाई आंत भांडीं घांसत होत्या. धाकट्या मुलीनें विचारलें, “बाबा, मावशींचे पैसे दिलेत का?” मीं पैसे त्याच वेळीं दिले, पण ते पंधरा दिवस त्यांनीं उसनवारीवर काढले होते, हें मला मागाहून कळलें. मला इतक्या वर्षांच्या नेमानें जें दिसलें नाहीं तें त्या पोरीला एका वाचनांत दिसलें. आणि मजुरीचें तें वचन भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत मला आजवर एकदांहि आढळलेलें नाहीं.

यावर कोणी म्हणेल, “थकल्याभागल्या माणसाला एखादें सांत्वनाचें वचन मिळतें, तेवढें तरी कां हिरावून घेतां? अगदींच नसण्यापेक्षां थोडें बरें. शिवाय ग्रंथ जुना, भाषा अवघड.” सांत्वन मला हिरावून घ्यावयाचें नाहीं. उलट, सत्तर वर्षें थांबावयास लागणाऱ्या माणसालाहि पुरेल असें तें आहे, हें संबंध पत्र वाचल्यावांचून कळत नाहीं. अवघडपणाची सबब तर महाराष्ट्रांत मुळींच चालूं नये. सामान्य बायकांना समजावें म्हणून पंडिता रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास करून साऱ्या बायबलाचें सोप्या मराठींत भाषांतर केलें, आणि १९२२ सालीं मृत्यूपूर्वीं तें तडीस नेलें. लक्ष्मीबाई टिळकांचें शालेय शिक्षण झालेलें नव्हतें; पण जातिभेद मनुष्यकृत आहे असें मनाशीं ठरतांच कोणाच्याहि हातचें खाण्यापिण्यास त्या तयार झाल्या, हें ‘स्मृतिचित्रें’ वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. त्यांचें सोंवळें खरोखरच सुटलें. ख्रिस्तामध्यें भेद नाहीं हें पौलाचें वचन तोंडपाठ असूनहि, सोयरीक जुळवितांना पूर्वजांची जात हळूच विचारणारीं घरें आमच्यांत आजहि आहेत!

म्हणून माझी सूचना साधी आहे. रोज तुकडा न घेतां एकेक पुस्तक आरंभापासून शेवटपर्यंत वाचावें, मग त्याला महिना लागो कीं वर्ष. वाचतांना ‘यांत माझ्यासाठीं काय आहे’ हा प्रश्न कांहीं दिवस बाजूस ठेवून ‘यांत मजकडे कोणाचें काय येणें निघतें’ असें विचारावें. आणि मुलांना प्रश्न विचारूं द्यावे. या मासिकाच्या पुष्कळ वाचकांच्या घरीं बायबल नसेल, पोथी असेल. त्यांनींहि आपल्या पारायणाला हीच कसोटी लावून पाहावी. आमच्या घरीं तेव्हांपासून महिन्याच्या पहिल्या तारखेस बाईंचा पगार आधीं दिला जातो, आणि पाठ त्यानंतर होतो.