भाईंदरच्या आमटीत पाणी किती?



कांद्याला चार पैसे जास्त मिळू लागले की दिल्लीकरांना एका बाईची आठवण होते. ती शहरात राहते, पिशवी घेऊन बाजारात उभी असते आणि भाव ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी येते. वर्तमानपत्रे तिला ‘सर्वसामान्य गृहिणी’ म्हणतात. तिचे डोळे पुसण्यासाठी मग निर्यात बंद होते, साठ्यावर मर्यादा येते, परदेशातून डाळीची जहाजे निघतात. तिच्या खोलीचे भाडे वाढते, पोराची फी वाढते, तेव्हा मात्र तिच्यासाठी एकही जहाज निघत नाही.

या बाईला आम्ही भेटून आलो. फार शोधावे लागले नाही. बीड जिल्ह्यातल्या आपल्याच एका कार्यकर्त्याची ती चुलत बहीण. भाईंदर पूर्वेला चाळीत राहते. मीरा-भाईंदर म्हणजे मूळची मिठागरे, आगरी-कोळ्यांची आणि ख्रिस्ती कुटुंबांची गावे. १९८५ साली तिथे नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका, आणि २०११ च्या जनगणनेत वस्ती आठ लाखांवर गेलेली. ही माणसे आकाशातून पडली नाहीत. कोकणातली, घाटावरची, मराठवाड्यातली, उत्तर प्रदेश-राजस्थानातली. त्यातली कितीतरी शेतीत भागेना म्हणून घराबाहेर पडलेली. या बाईचा नवरा स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणाऱ्या गाळ्यात काम करतो. ती स्वतः दोन घरच्या पोळ्या लाटते. घरात सासू आणि दोन मुले. पाच माणसांचे पोट आणि मोजका पगार.

तिचा स्वयंपाक पाहिला तर अर्थमंत्र्याने वही घेऊन बसावे. नळाला पाणी केव्हा येणार त्यावर डाळ केव्हा भिजायची ते ठरते. पावशेर मटकी रात्री भिजते, दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधली जाते, आणि मोड आले की दुपटीच्या वर होते. तिची उसळ पाच जणांना दोन वेळा पुरते. कुकरमध्ये खाली डाळ, वर भात, त्याच्या वर बटाटे, म्हणजे एका गॅसवर तीन कामे. फ्लॉवरचा दांडा सोलून भाजीत, मुळ्याचा पाला पीठ पेरून, कोथिंबिरीच्या काड्या वाटणात. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पिठले, कारण दोन मुठी बेसन आणि एक कांदा असला की घर जेवते. भाजी ती रात्री नऊच्या पुढे आणते. त्या वेळी विक्रेत्याला घरी जायचे असते आणि उरलेला माल वाट्यावर निघतो. पावसाळ्याआधी उत्तनच्या कोळणींकडून सुका बोंबील आणि जवळा भरून ठेवते. जून-जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा चार वांगी आणि मूठभर जवळा यावर सगळ्यांची भाकरी होते. बीडची बाई जवळा शिजवायला शेजारच्या आगरी वहिनींकडून शिकली, आणि त्या वहिनी हिच्याकडून ज्वारीची भाकरी थापायला शिकल्या. हे शिक्षण कोणत्या खात्याने दिले नाही.

तिला रेशन मिळत नाही. अन्नसुरक्षेच्या यादीत बसायला महाराष्ट्राने शहरात वर्षाला ५९,००० रुपयांची मर्यादा घातली. म्हणजे महिन्याला पाच हजारांच्याही आत. भाईंदरमध्ये एवढ्या मिळकतीत पाच माणसांचे घर कसे चालते हे मर्यादा घालणाऱ्याने एक महिना चालवून दाखवावे. फुकट धान्याच्या घोषणा ती दूरदर्शनवर ऐकते आणि तांदूळ वाण्याकडून आणते.

कार्यकर्त्याने तिला सरळच विचारले, ‘बाई, कांदा महाग झाला की तू आम्हाला शिव्या देतेस का?’ ती हसली. म्हणाली, ‘दादा, कांदा महागला की मी चारच्या जागी दोन चिरते. खोलीभाडं महागलं तर अर्धी खोली चिरता येती का?’

मग डाळीचा विषय निघाला. ‘तूर स्वस्त झाली की दोन महिने आमटी घट्ट होती. मग पुन्हा पातळ ती पातळच. असं का होतं, ते तुम्ही सांगा.’

हा प्रश्न तिने आपल्याला विचारला आहे आणि त्याचे उत्तर आपल्याकडे आहे. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला दोनशेच्या घरात गेली. भाव दिसला म्हणून शेतकऱ्याने तूर पेरली आणि २०१६-१७ मध्ये देशात विक्रमी, सुमारे ४८ लाख टन पीक आले. हमीभाव बोनस धरून ५,०५० रुपये. बाजारात तूर चार हजारांच्याही खाली गेली. २०१७ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या खरेदी केंद्रांबाहेर ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या, बारदाना संपला, माणसे पोत्यांवर झोपली. दुकानातली डाळही उतरली, हे कबूल केले पाहिजे. भाईंदरची आमटी घट्ट झाली ती तेव्हा. पण ज्याने त्या रांगेत रात्री काढल्या त्याने पुढच्या मृगात तुरीकडे पाठ फिरवली. २०१८-१९ मध्ये पीक ३३ लाख टनांवर आले, आणि २०२३ मध्ये डाळ पुन्हा दीडशेच्या पुढे गेली. दोन महिन्यांच्या घट्ट आमटीची किंमत त्या बाईने नंतर कित्येक महिने पातळ आमटीने फेडली. पाऊस, रोग यांचाही यात हात असतो, पण घाटा खाऊन दरवर्षी तीच पेरणी कोणी करत नाही.

कांद्याचे गणित तर बोटांवर होते. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली आणि काही आठवड्यांत लासलगावचे भाव निम्म्याच्या आसपास आले. हे घर महिन्याला पाच किलो कांदा खाते असे धरा. किलोमागे वीस रुपये वाचले असे उदार मनाने धरा. महिन्याला शंभर रुपये झाले. शंभर रुपये तिला नको आहेत असे आम्ही म्हणत नाही. तिच्या घरात शंभराची नोट मोठी आहे. आता दुसरी बाजू. एकरी ऐंशी क्विंटल कांदा, क्विंटलमागे दीड हजार गेले, तर एका एकराला एक लाख वीस हजारांचा खड्डा. तो खड्डा पडलेला शेतकरी मुलाला घेऊन कुठे जातो? भाईंदरलाच. तिथल्या खोलीला आणखी एक गिऱ्हाईक मिळते आणि भाडे वाढते. शंभर रुपये वाचलेली बाई ते भाडे भरते.

हे नवे नाही. १९७२ साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, थाळ्या वाजवल्या. दुष्काळाचे दिवस, रॉकेल, साखर, तेल मिळत नव्हते. त्यांचा राग खरा होता आणि त्यांची हिंमत मोठी होती. पण त्या थाळीत जे वाढले जाते ते पिकवणारी बाईही तितकीच उपाशी आहे, हे त्या मोर्चात फारसे ऐकू आले नाही. ते बोलायला १९८६ चा नोव्हेंबर उजाडावा लागला. चांदवडला शेतकरी बाया लाखांनी जमल्या आणि शेतीमालाच्या भावाचा प्रश्न हा आमच्या चुलीचा प्रश्न आहे असे त्यांनी ठणकावले. लाटण्याचा मोर्चा आणि चांदवडचा मेळावा यांची अजून नीट गाठ पडलेली नाही. भाईंदरच्या त्या चाळीत मात्र दोन्ही एकाच ओट्यावर उभे आहेत.

सरकारला स्वस्त जेवण म्हटले की ताट दिसते. १९९५ ला युतीने रुपयात झुणका-भाकर दिली, २०२० ला आघाडीने दहा रुपयांत शिवभोजन. भुकेल्या माणसाला दहा रुपयांत थाळी मिळाली तर तिला नाक मुरडणारे आम्ही नव्हेत. पण या योजनांचे केंद्र कुणाला मिळाले, जागा कुणी बळकावली, बिल कुठे अडकले, याच बातम्या जास्त. आणि पाच माणसांचे घर रोज रांगेतल्या थाळीवर चालत नाही.

आता ती बाई देते तो पैसा जातो कुठे ते पाहू. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या एका अभ्यासाप्रमाणे ग्राहकाच्या रुपयातले कांदेवाल्या शेतकऱ्याला सुमारे ३६ पैसे, बटाटेवाल्याला ३७ आणि टोमॅटोवाल्याला ३३ पैसे पोचतात. उरलेले सगळे दलाल खातो असे म्हणून टाळ्या मिळतात. आम्ही ते म्हणणार नाही. त्यात भाडे आहे, हमाली आहे, सडणारा माल आहे, टोमॅटो विकायला बसणाऱ्याची जागा आहे, आणि ती जागा टिकावी म्हणून रोज मोजावे लागणारे पैसेही आहेत. त्यात न लागणारा खर्च किती आणि कशामुळे, हे शोधायला हवे.

दुसरा आकडा आम्हाला जास्त बोचला. २०२२-२३ च्या सरकारी घरखर्च पाहणीत शहरी माणसाच्या शंभर रुपयांतले भाजीपाल्यावर चारच्या आत गेले आणि चहापाणी, पाकिटबंद आणि तयार खाण्यावर साडेदहाच्या वर. भाजी महागली म्हणून देश हलतो, पण बिस्किटाचा पुडा त्याच किमतीत बारीक होतो तेव्हा कोणी मंत्री राजीनामा देत नाही. मात्र बायकांना ‘घरचे खा’ असा उपदेश करण्याआधी थांबावे. स्वस्त जेवण वेळ खाते. मटकीला दीड दिवस लागतो, भाकरीला उभे राहावे लागते, भाजी निवडावी लागते. दोन घरच्या पोळ्या लाटून आलेल्या बाईने संध्याकाळी पोराच्या हातात वडापाव दिला तर ती उधळी नव्हे. तिचा वेळ आधीच विकला गेलेला आहे.

मग आपण काय करू शकतो? खाडीपलीकडच्या वसईच्या बाया वर्षानुवर्षे लोकलने भाजीच्या पाट्या आणून विकतात. उत्तनच्या कोळणी आपले बोंबील आपणच विकतात. राज्य सरकारने २०१६ मध्ये फळे-भाजीपाला नियमनमुक्त केला, त्यामुळे बाजार समितीबाहेर विकायला कायद्याची आडकाठी नाही. तरीही नाशिकचा कांदा आणि बीडची ज्वारी त्या चाळीत थेट का पोचत नाही?

उत्तर त्या बाईने दिले आणि ते ऐकून आम्ही गप्प झालो. ‘दादा, मागं एकदा गावचा टेम्पो आला होता. कांदा चांगला, भाव कमी. पण म्हणाले अख्खी गोणी घ्या आणि रोख द्या. पन्नास किलो कांदा दहा बाय दहाच्या खोलीत कुठं ठेवू? आणि पंचवीस तारखेला रोख कुठली आणू? वाणी पावशेर देतो, वहीत लिहितो, सात तारखेला घेतो.’

वाणी महाग देतो, पण पगाराच्या तारखेपर्यंत थांबतो. आपण स्वस्त देतो आणि थांबत नाही. साठ वर्षे सावकाराच्या आणि बँकेच्या दारात उभे राहिलेल्या आपल्यासारख्यांना उधारी म्हणजे काय हे कोणी समजवायला नको होते. तरी आपण गोणी घेऊन गेलो.

म्हणून या वेळच्या जिल्हा बैठकांपुढे निर्यातबंदीविरुद्धच्या ठरावाबरोबर आणखी एक काम ठेवत आहोत. माल पाच-पाच किलोच्या पिशव्यांत न्यायचा. चाळीतल्या बायकांच्या बचत गटाने मागणी आधी गोळा करायची आणि पैसे आठ तारखेला द्यायचे. तोवरची रक्कम अडकवून ठेवण्याची तयारी गावातल्या दहा-बारा जणांनी मिळून दाखवायची. सुरुवात टिकणाऱ्या मालापासून: ज्वारी, तूरडाळ, मटकी, उन्हाळ कांदा. डाळ गावातच भरडून न्यावी, कारण तूर विकून डाळ विकत घेणारे शेतकरी आपल्यात कमी नाहीत. पालेभाजी वसईकरांकडेच राहू द्यावी. त्यांच्या पोटावर पाय देऊन आपली दुकाने थाटायची नाहीत. भाव त्या दिवशीच्या बाजार समितीच्या भावापेक्षा शेतकऱ्याला जास्त आणि वाण्यापेक्षा बाईला कमी असला पाहिजे. वाहतूक, हमाली आणि तूट धरून हे बसते की नाही ते कागदावर मांडून पाहावे. बसत नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. तोट्यात धर्मादाय करायला आपल्याकडे काही उरलेले नाही.

भाईंदर पूर्वेच्या त्या चाळीत सव्वीस बिऱ्हाडे आहेत. त्यांची पहिली यादी त्या बाईने आमच्या कार्यकर्त्याजवळ दिली आहे, ज्वारी आणि तूरडाळ सगळ्यात वर. बैठकीला येताना आपापल्या गावातून किती पिशव्या निघतील, भरडाईला काय पडेल आणि टेम्पो कुणाचा, हे लिहून आणावे.