आवाजाची चाळण

हॅम रेडिओचं नाव ऐकलंय ना? परीक्षा देऊन, सरकारी परवाना घेऊन, निव्वळ हौसेने रेडिओवरून बोलणारी ही मंडळी. २६ जानेवारी २००१ ला गुजरातमध्ये भूकंप झाला, भुजचे टेलिफोन मुके झाले, तेव्हा हॅम मंडळींनीच निरोप पोचवले. अशा वेळी एक अक्षर चुकलं, तर मदत भलत्याच गावी जायची!

म्हणून त्यांच्या रेडिओत आवाजाची एक चाळण असते. तिला फिल्टर म्हणतात.

आवाज म्हणजे कंपनं. सेकंदाला एक कंपन म्हणजे एक हर्ट्झ. आपल्या कानांना साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. पण बोलणं समजायला एवढं सगळं लागत नाही. जुन्या टेलिफोनवरून फक्त ३०० ते ३४०० हर्ट्झ पलीकडे जायचे, तरी आजीचा आवाज ओळखू यायचाच की! हॅम त्याहून काटकसरी. बोलणं ऐकायला ते बहुधा २४०० हर्ट्झ रुंदीचा फिल्टर वापरतात. म्हणजे समजा, ३०० ते २७०० आत, बाकी सगळं बाहेर.

शेजारी दुसरं कुणी बोलत असेल, विजांची खरखर असेल, तर फिल्टर १८०० वर आणायचा. गोंगाट कमी होतो. मग आणखी अरुंद का नाही करायचा?

कारण गोंगाटाबरोबर आवाजही चाळला जातो, बरं का! 'आ', 'ओ' यांचा जोर खालच्या कंपनांत असतो, पण 'स', 'श' यांची ओळख वरच्या कंपनांत. ती गेली, की 'एस' म्हणाला की 'एफ', कळतच नाही. म्हणून तर हॅम 'एस'साठी 'सिएरा' आणि 'एफ'साठी 'फॉक्सट्रॉट' म्हणतात. मोर्सच्या कट्ट-कडकट्टमध्ये एकच सूर असतो, त्याला ५०० हर्ट्झही पुरतात.

जाणता हॅम गर्दी नसताना फिल्टर रुंद ठेवतो. गर्दी वाढली, की हळूहळू अरुंद करतो आणि शब्द निसटू लागले, की एक पायरी मागे येतो. थोडी खरखर चालेल, पण निरोप नीट कळला पाहिजे.

करून पाहा: मित्राला बंद दाराआडून हळू आवाजात 'एस' आणि 'एफ' उलटसुलट दहा वेळा म्हणायला सांगा. तुम्ही लिहून घ्या. मग दार उघडून पुन्हा तेच. कोणत्या वेळी जास्त बरोबर आले?