परमुलखातील पहिले वर्ष

महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला तो 2024 च्या फेब्रुवारीत. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मन सरकारने कुशल भारतीयांसाठीच्या व्हिसांची वार्षिक मर्यादा 20,000 वरून 90,000 वर नेली. किती माणसे जाणार याची चर्चा त्यानंतर पुष्कळ झाली. गेलेल्यांचे पहिल्या वर्षात काय होते, याची चर्चा मात्र आमच्या कानी फारशी आलेली नाही.

परिचारिकांचेच उदाहरण घेऊ. येथे दहा वर्षे अतिदक्षता विभागात काढलेली परिचारिका तेथे जाते आणि तिच्या पदवीला मान्यता मिळेपर्यंत तिला मदतनीस म्हणून, मदतनिसाच्याच वेतनावर राबावे लागते. मान्यतेसाठी एक तर पूरक प्रशिक्षण पुरे करावयाचे, नाही तर परीक्षा द्यावयाची. शिवाय जर्मन भाषेची बहुधा बी-2 पातळी गाठावयाची. त्यातच रुग्णास आंघोळ घालणे, भरविणे ही कामे आपल्याकडे नातेवाईक वा रुग्णालयातील मावशी करतात. जर्मनीत तो परिचारिकेच्याच कर्तव्याचा भाग आहे. काम हलके नव्हेच. पण यंत्रावरील आकडे वाचून डॉक्टरांस सावध करणाऱ्या बाईच्या हाती एकाएकी केवळ टॉवेल आला, तर आपण खाली आलो असे तिला वाटल्यावाचून राहत नाही. भाषेची कथा याहून बिकट. वर्गात शिकलेली जर्मन घेऊन ती श्टुटगार्टच्या वॉर्डात उभी राहते, आणि ऐंशी वर्षांचे आजोबा तिच्याशी श्वेबिश बोलीत बोलू लागतात! पुस्तकी मराठी शिकून एखाद्याने मालवणात उतरावे, तशातली ही गत. 'झी' आणि 'डू' हा भेद 'तुम्ही' आणि 'तू' म्हणणाऱ्या मराठी माणसास नवा नाही, हे खरे. परंतु वरिष्ठांपुढे गप्प राहण्याचा जो विनय आपण अंगी बाणविला, त्याचा अर्थ तेथे 'हिला समजलेले नाही' असा होऊ शकतो. मग विचारण्याचाही धीर खचतो. आणि रुग्णालयात न विचारलेल्या प्रश्नाची गाठ रुग्णाच्या जिवाशी पडते.

अशा वेळी 'जुळवून घ्या, चिवट व्हा' हा उपदेश सोपा असतो. आम्हांस तो अन्यायाचा वाटतो. केरळातील परिचारिका 1960 च्या दशकापासून पश्चिम जर्मनीत गेल्या. भाषा शिकल्या, थंडी सोसली, घरी पैसे धाडले. तरीही 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात वास्तव्याचे परवाने वाढवून न मिळाल्याने त्यांतील अनेकींना परतावे लागले. चिवटपणात त्या कोठे उण्या पडल्या होत्या?

आत्मविश्वास कागदावर टिकतो, पगारावर टिकतो, शेजारी उभ्या असलेल्या माणसावर टिकतो. म्हणून भाषेचे वर्ग कामाच्या वेळात आणि पगारी असावेत. पदवीच्या मान्यतेस ठरावीक मुदत असावी. पहिले सहा महिने प्रत्येकीसोबत एक अनुभवी सहकारी नेमलेला असावा. आणि तेथे नेमके कोणते काम करावे लागते, हे येथेच, प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी, आडपडदा न ठेवता सांगितले जावे. पुढील तुकडी विमानात बसविण्यापूर्वी शासनाने या अटी लेखी मिळवाव्यात, अशी आमची मागणी आहे.