जुने पत्र सापडते!



परवा वस्तीतील एक मुलगी रडवेली होऊन आली. शिष्यवृत्तीच्या अर्जाला दोनच दिवस उरलेले आणि २०२१ साली ई-मेलने आलेले जात वैधता प्रमाणपत्र जीमेलच्या हजारो पत्रांत हरवलेले. "काका, बोट सरकवून सरकवून थकले!"

मी म्हटले, शोधपेटीला प्रश्न नीट विचार. इंग्रजी अक्षरांत 'हॅज:अटॅचमेंट' लिहिले की फाइल जोडलेलीच पत्रे उरतात. 'फाइलनेम:पीडीएफ' म्हणजे त्यांतली पीडीएफ असलेली. 'फ्रॉम:' पुढे पाठविणाऱ्याचा पत्ता. 'आफ्टर:२०२१/०१/०१ बिफोर:२०२२/०१/०१' म्हणजे तेवढेच वर्ष. अंकही इंग्रजीच हवेत. दोन टिंबांनंतर जागा सोडू नये. कचरापेटीही धुंडाळायची तर 'इन:एनीव्हेअर' जोडावे.

पीडीएफ आणि वर्ष, दोन्ही अटी एका ओळीत लिहिल्या. अकरा पत्रे उरली. त्यांत प्रमाणपत्र होते!

चवदार तळ्याच्या दाव्यात विरोधकांना पूर्वापार रूढीचा पुरावा देता आला नाही, म्हणून १९३७ साली ते उच्च न्यायालयात हरले. आपला हक्क तर खरा आहे. मग त्याचा कागद वेळेला सापडू नये, असे का व्हावे? आज घरी मुलांना जवळ बसवून एक जुने पत्र शोधून पाहा.