म्यूंशची ‘घाई’

मंडळी, चार्ल्स म्यूंश तालमी टाळायचा आणि वाद्यवृंद नुसता पळवायचा, असं आमचे चिरंजीव परवा फोनवर म्हणाले. मला नाही पटत! बर्लिओझची ‘सिंफनी फँटास्टिक’ त्याने बॉस्टनच्या वाद्यवृंदाकडून १९५४ साली आणि पुन्हा १९६२ साली ध्वनिमुद्रित करून घेतली. त्यातली वधस्तंभाकडे नेणारी मिरवणूक ऐका. अफू घेतलेल्या प्रेमवेड्याचं स्वप्न आहे हो ते, पाढे नव्हेत! तालमी तो कमी घ्यायचा, हे कबूल. पण टाचण वाचून दाखवणारे मास्तर मी जन्मभर पाहिलेत; पोरं पेंगायची. आणि १९५९ची सँ-साँसची ऑर्गन सिंफनी? शेवटच्या भागात ऑर्गन दणाणतो तेव्हा आमची ही लाटणं हातात घेऊन बाहेर येते. चिरंजीवांनी ती एकदा बसून पूर्ण ऐकावी, मग फोन करावा.